कांदा, फाइल आणि धारणाधिकार: अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापिकेची दिल्लीतली दोन वर्षं

प्रकरण कशाचं आहे

नाशिकच्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं २०२२ ते २०२४ ही दोन वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सल्लागार म्हणून काढली. याच काळात कांद्यावर निर्यातशुल्क लागलं, मग किमान निर्यातमूल्य (याहून कमी किमतीला माल बाहेर पाठवायचा नाही अशी मर्यादा) आलं आणि शेवटी निर्यातबंदी झाली. त्यांचं माहेर निफाड तालुक्यात, घरी कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. निर्णय जिथं शिजत होता त्या टेबलाच्या कडेला बहीण बसली होती आणि त्या निर्णयाची झळ ज्याला बसणार तो भाऊ चाळीपाशी उभा होता.

त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. मंत्रालय, महाविद्यालय, संस्था यांची नावं दिलेली नाहीत. त्यांना इथं नुसतं 'मॅडम' म्हटलं आहे. सरकारी निर्णयांच्या तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

विद्यापीठातला अर्थतज्ज्ञ सरकारात जाणं महाराष्ट्राला नवीन नाही. धनंजयराव गाडगीळ जन्मानं नाशिकचे. पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य घालवून ते १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या हिशेबानं वाटायची याचं सूत्र आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. १९६५ मध्ये शेतमालाच्या किमतींसाठी आयोग नेमला गेला तेव्हा पहिले अध्यक्ष झाले मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक दांतवाला. ही माणसं स्वतःची संस्था आणि शब्दाचं वजन घेऊन दिल्लीत गेली. आज जिल्ह्याच्या ठिकाणचा प्राध्यापक सरकारात जातो तो बहुधा दोन-तीन वर्षांच्या करारावर. त्याच्या हातात अध्यक्षपद नसतं, आयोग नसतो. असतं एक टेबल, एक लॉगिन आणि वर एक सहसचिव. दोन्हीला आपण 'सरकारी सल्लागार' हे एकच नाव देतो, आणि लोकांच्या बऱ्याच चुकीच्या अपेक्षा तिथूनच निघतात.

मॅडमचा अभ्यास शेतमालाच्या बाजारांचा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे, येवला या बाजार समित्यांत त्यांनी स्वतः उभं राहून लिलाव पाहिलेले. नियतकालिकांत त्यांचे लेख येत होते. त्यातला कांद्याच्या साठवणुकीवरचा एक लेख दिल्लीत कोणी तरी वाचला आणि बोलावणं आलं.

पुढचं समजायला कांद्याचं वर्ष डोळ्यांसमोर हवं. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येतो, त्याच्या मागून उशिराच्या खरिपाचा रांगडा. दोन्ही टिकाऊ नाहीत, काढले की विकावे लागतात. उन्हाळ, म्हणजे रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत जातो. देशाच्या उत्पादनात रब्बीचा वाटा सुमारे ७० टक्के. जूनपासून नवा लाल कांदा येईपर्यंत देश या चाळींवरच जेवतो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम घडतात: चाळीतला माल घटत जातो, सडत जातो, आणि शहरातला भाव चढू लागतो. खरिपाच्या लागवडीला पाऊस दगा देणार असं दिसलं, की दिल्लीत फोन वाजायला लागतात.

आणि दिल्लीत कांदा एका खात्याचा नाही. पिकवायचा कसा हे कृषी खातं बघतं. राखीव साठा ग्राहक व्यवहार खात्याकडं. त्यासाठीचा भाव स्थिरीकरण निधी २०१४-१५ मध्ये कृषी खात्यात सुरू झाला आणि २०१६ मध्ये इकडं आला. निर्यातीची दारं वाणिज्य खात्याच्या हाती, शुल्क अर्थखात्याच्या. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन अवघं ०.६४ टक्के. तरी त्याच्यासाठी चार खाती एका टेबलाभोवती येतात. मॅडम पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "इथं कांद्याचा भाव सगळ्यांना माहीत असतो, कांदा कोणाचा आहे ते कोणी विचारत नाही."

पहिला निर्णय: जायचं कसं

मार्ग तीन होते. नोकरीत राहून एखाद्या समितीचं सदस्यत्व घ्यायचं: महिन्या-दोन महिन्यांनी बैठक, प्रवासभत्ता, आपलं मत आपल्यापाशी. दुसरा, धारणाधिकार (मूळ पदावर परतायचा हक्क) ठेवून बिनपगारी रजेवर करार. तिसरा, राजीनामा देऊन पूर्णवेळ तिकडंच. तिसऱ्याचा विचार त्यांनी केला नाही, मुलगा बारावीत होता. पहिला त्यांना मिळमिळीत वाटला. समितीच्या अहवालांचं पुढं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उरला दुसरा.

संस्थाचालकांची परवानगी, विद्यापीठाचं पत्र, सहसंचालकांच्या कार्यालयाची ना हरकत असा प्रवास होता. नाशिक-पुणे रस्त्यावर त्यांचं बरंच डिझेल जळलं. संस्थेनं अट घातली की परत आल्यावर तीन वर्षं राजीनामा द्यायचा नाही. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक आला. पदव्युत्तर वर्गाचं मार्गदर्शन 'आठवड्याला ऑनलाइन करू' असं तोंडी ठरलं आणि पहिल्या सत्रानंतर बंद पडलं.

मंत्रालयाकडून करारासोबत गोपनीयतेचं हमीपत्र आलं. पदावर असताना हाती आलेली कोणतीही माहिती परवानगीशिवाय कुठंही वापरायची नाही, असं त्यात होतं. मुदत दिलेली नव्हती. मॅडमनी सही केली. सगळेच करतात.

भावाच्या चाळीचा विषय त्यांनी पहिल्याच आठवड्यात सहसचिवांच्या कानावर घातला. ते हसले. "चांगलंच आहे, बाजारभाव आम्हाला घरबसल्या कळेल," अशा अर्थाचं काही तरी बोलले. लेखी काही झालं नाही, आणि पुढं या गोष्टीनं त्यांना बरंच छळलं.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२३ हे साल कांद्याला सुरुवातीपासूनच वाकडं होतं. फेब्रुवारीत लासलगावला भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. त्यानंतर ऐन काढणीत अवकाळीनं झोडपलं. ओला झालेला कांदा चाळीत गेला. असा कांदा ऑगस्टपर्यंत निम्मासुद्धा धड राहील की नाही, हे निफाड-चांदवडमधला कोणताही शेतकरी मे महिन्यात सांगू शकत होता.

मॅडमही सांगू शकत होत्या. मेमध्ये त्यांच्या मनात टिपणाचा आराखडा तयार होता: यंदा चाळीतलं नुकसान नेहमीपेक्षा जास्त असेल, सप्टेंबरात तुटवडा येईल, आत्ताच तयारी करा. पण तेव्हा सगळं खातं डाळींच्या मागं होतं. जूनच्या सुरुवातीला तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा आली, तिचे तक्ते मॅडमच करत होत्या. कांद्याचं टिपण मागं पडलं. मेमध्ये कांदा स्वस्त असतो आणि स्वस्त मालाच्या टिपणाला वाचक नसतो, हेही खरं.

जुलैत टोमॅटोनं काही शहरांत किलोला दोनशेचा आकडा ओलांडला. सरकार हबकलं. ऑगस्ट २०२३ तर १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाच्या लागवडी अडल्या. महिन्याच्या मध्याला मॅडमना सांगण्यात आलं: कांद्याचे भाव आवरण्याच्या पर्यायांचा तुलनात्मक तक्ता करा, दोन दिवसांत.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला.

"काय करू? अर्धी चाळ अजून भरेल हाये. काढू का ठेवू?"

"दादा, मला नको विचारू. पिंपळगावच्या व्यापाऱ्याला विचार."

"व्यापारी त्याच्या फायद्याचं सांगंल. तू तिकडं बसेल हायेस म्हनून विचारतोय."

"म्हणूनच विचारू नकोस."

त्यांना नेमकं काय येणार ते माहीत नव्हतं, काही तरी येणार एवढं कळत होतं. शेअर बाजारात अशा माहितीवर सौदा केला तर सेबी दाराशी येते. कांद्याच्या चाळीसाठी तसा कायदा नाही, पण मॅडमनी स्वतःला तोच नियम लावला. भावानं फोन ठेवला आणि पुढं दिवाळीपर्यंत केला नाही. वहिनी मधूनमधून करत राहिली, तेही मुलाच्या अभ्यासाबद्दल.

तक्ता, आणि त्यात घातलेला एक रकाना

मॅडमपुढं चार पर्याय होते: राखीव साठा बाजारात सोडणं, निर्यातशुल्क, किमान निर्यातमूल्य, बंदी. तक्त्याच्या ठरावीक रकान्यांत अपेक्षित परिणाम, लागणारा वेळ, तिजोरीवरचा भार असं असतं. त्यांनी एक रकाना वाढवला: बोजा कोणावर.

या रकान्यासाठी एक गोष्ट कळणं भाग होतं: ऑगस्टमध्ये चाळीतला कांदा शेतकऱ्याचा आहे की व्यापाऱ्याचा? दिल्लीत सर्वसाधारण समज असा की भाव चढला म्हणजे साठेबाजानं माल दाबला. मॅडमनी नाशिकमधल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. सटाण्यात एक बँकेत, कळवणला एक शिक्षक, सिन्नरला दोघं शेतीच करणारे. "आपल्या आसपासच्या चाळी बघून सांगा, माल कोणाचा, कितपत टिकलाय." कशासाठी हवंय ते सांगितलं नाही. उत्तर जवळपास एकच आलं: बहुतेक माल अजून शेतकऱ्याचाच, आणि खालचा थर सडायला लागलाय.

त्यावरून त्यांनी मांडलं ते असं. शुल्क लावलं तर निर्यातदार तेवढी रक्कम परदेशी ग्राहकाकडून वसूल करू शकणार नाही, कारण पाकिस्तान, इजिप्त यांचा माल समोर आहे. तो लासलगावच्या लिलावातली बोली उतरवेल. म्हणजे शुल्क कागदावर निर्यातदारावर, प्रत्यक्षात चाळीवाल्यावर. शिवाय शेकड्यानं शुल्क असलं की बिलात किंमत कमी दाखवायची ओढ लागते, आणि ते रोखायला मग किमान निर्यातमूल्य आणावं लागतं. तेही पुरलं नाही तर बंदी. पहिली पायरी चढली की तिसरीपर्यंत जाणं आलंच, असं त्यांनी एका ओळीत लिहिलं. त्यांचा कल होता राखीव साठा ऑगस्टमध्येच मोठ्या शहरांत उतरवण्याकडं. आणि शुल्क लावायचंच तर किती भावाला लागेल आणि किती भावाला उठेल हे आधी जाहीर करण्याकडं.

सहसचिवांनी तक्ता वाचला. रकाना ठेवला. 'शिफारस' हे शीर्षक काढून तिथं 'निरीक्षणं' घालायला सांगितलं. तिसऱ्या पायरीचं वाक्य गाळायला सांगितलं, कारण अजून न झालेल्या निर्णयाचं भाकीत फाइलवर नको.

इथं मॅडमपुढं एक बारीक पण खरा पेच होता. वाक्य गाळायचं, की माझं मत वेगळं आहे असं स्वतंत्र टिपण जोडायचं? त्यांनी वाक्य गाळलं आणि रकाना वाचवला. माझ्या मते सौदा बरा होता. त्या रकान्यामुळं 'शेतकऱ्याचा माल' हे शब्द निदान बैठकीच्या कागदांत पोचले. त्यांना स्वतःला मात्र तो अजून टोचतो.

१९ ऑगस्टला, शनिवारी, ४० टक्के निर्यातशुल्काची अधिसूचना निघाली. मॅडमना ती इतरांबरोबर मोबाइलवरच कळली. सोमवारी जिल्ह्यातले लिलाव बंद. मंगळवारी केंद्रानं जाहीर केलं की २,४१० रुपये क्विंटलनं आणखी दोन लाख टन कांदा विकत घेऊ; राखीव साठ्याचं उद्दिष्ट तीन लाखांवरून पाच लाख टनांवर गेलं. २० सप्टेंबरपासून नाशिकचे व्यापारी पुन्हा बंदवर गेले. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये. दुसरी पायरी.

एक मजेशीर वळण सांगायलाच हवं. भावानं ऑगस्टमध्ये कांदा काढला नाही. शुल्कानंतर भाव पडले तेव्हा त्यानं बहिणीला शिव्याही घातल्या असतील. पण ऑक्टोबरच्या शेवटी भाव असे उसळले, की चाळीत जेवढं टिकलं होतं तेवढ्यात त्याचं नुकसान भरून वर चार पैसे सुटले. बहिणीनं कानात सांगितलं असतं आणि त्यानं घाईनं विकलं असतं, तर तो तोट्यात गेला असता. आतली बातमी असली म्हणजे बाजार कळतोच असं नाही.

डिसेंबर: चार पर्याय

२६ नोव्हेंबरला निफाड पट्ट्यात गारपीट झाली. द्राक्षं गेली, लाल कांदाही झोपला. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेनं ८ तारखेपासून निर्यातबंदी आली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. बंदराच्या वाटेवरचे कंटेनर अडकले.

मॅडमचा फोन त्या दिवसांत थांबत नव्हता. नाशिकच्या एका दैनिकानं लेख मागितला. शेतकरी संघटनेतले एक जुने परिचित म्हणाले, "बाई, तुम्ही आतून बोललात तर वजन पडेल." महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लिहिलं, आपल्या मॅडम दिल्लीत असताना हे कसं झालं?

त्यांनी चार गोष्टी तोलल्या.

जाहीर राजीनामा, लेख, पत्रकार परिषद. याला महाराष्ट्रात मोठी पुण्याई आहे. कृषी कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल वर्षभर बंद राहिला, तेव्हा समितीतले शेतकरी संघटनेचे अनिल घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये तो स्वतः खुला केला. पण घनवट चळवळीतून आलेले, न्यायालयानं नेमलेले. मॅडम हमीपत्रावर सही करून आलेल्या कंत्राटी सल्लागार. त्यांच्यापाशी उघड करण्यासारखा अहवाल नव्हताच, होता तो एक तक्ता, त्यातलंही वाक्य गाळलेलं. आणि बाहेर पडून त्या बोलल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी कोणी तरी विचारलं असतं: चाळ कोणाची? लेखी नोंद नसल्यानं उत्तराला आधार नव्हता.

गुपचूप राजीनामा. यातून मन मोकळं झालं असतं, बाकी काही नाही. जूनपर्यंत त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरचा शिक्षक होता, सत्राच्या मध्यात परतणंही अवघड होतं.

राहायचं आणि गप्प बसायचं. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त केलं जाणारं.

चौथा: राहायचं, बंदीवर वाद घालत बसायचं नाही, पण बंदी उठवायची वेळ येईल तेव्हासाठी आणि पुढच्या सप्टेंबरासाठी कागद तयार ठेवायचा.

त्यांनी चौथा घेतला. नवऱ्याचं मत पहिल्याच्या बाजूनं होतं. "तू परत येशील तेव्हा तुला इथल्याच लोकांत राहायचंय," तो म्हणाला. हे बोलणं नुसतं भावनेचं नव्हतं.

काय केलं

जानेवारीत मॅडमनी चार पानी टिपण केलं, या वेळी कोणी न मागता. त्यात तीन मुद्दे होते. बंदी उठवण्यासाठी तारीख न धरता भाव आणि आवक धरा. रब्बीची आवक एप्रिलमध्ये वाढेल आणि तेव्हाही बंदी राहिली तर फेब्रुवारी २०२३ सारखी स्थिती होईल. निर्बंध लावायचाच असेल तर अधिसूचनेआधी निघालेल्या मालाला मुभा हवी, नाहीतर परदेशी ग्राहक कायमचा तुटतो. आणि दर वर्षी मे महिन्यात चाळींची पाहणी करून साठवणुकीतल्या नुकसानीचा अंदाज चारही खात्यांपुढं एकदम ठेवावा. हा तिसरा मुद्दा म्हणजे मे २०२३ मध्ये न लिहिलेलं टिपण होतं.

भावाच्या चाळीची लेखी नोंदही त्यांनी याच टिपणासोबत दिली. दीड वर्ष उशिरा, पण दिली. विद्यार्थ्यांकडून घेतलेली माहिती या वेळी वापरली नाही. बाजार समित्यांचे आणि खात्याचे प्रसिद्ध आकडेच घेतले.

टिपण वर गेलं. 'पाहिलं' असा शेरा घेऊन खाली आलं.

निष्पत्ती

२२ मार्च २०२४ ला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे रोजी ती उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. २० मे रोजी जिल्ह्यात मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री हरल्या, नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. कांदा हे त्यातलं एकमेव कारण नसेल, पण प्रचारात दुसरं काही फारसं ऐकू येत नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं. ते २० टक्केही १ एप्रिल २०२५ पासून निघालं. यातल्या कुठल्याही पावलात मॅडमच्या टिपणाचा हात होता असं म्हणता येत नाही. नव्हता असंही नाही. बहुतेक सल्लागारांच्या कामाचा हिशेब असाच धूसर राहतो.

करार जून २०२४ ला संपला. मुदतवाढ त्यांनी मागितली नाही, कोणी देऊही केली नाही. जुलैत त्या वर्गावर परतल्या. वेतनश्रेणीच्या बढतीची फाइल अडली, कारण दोन वर्षांत प्रसिद्ध केलेला एकही शोधनिबंध नाही. सल्लागार म्हणून लिहिलेली टिपणं त्यांना दाखवता येत नाहीत. साठवणुकीवरचा त्यांचा स्वतःचा जुना अभ्यास पुढं न्यायलाही त्या बिचकतात: यातली कुठली माहिती आधीची आणि कुठली तिकडची, हे आता त्यांनाच वेगळं काढता येत नाही, आणि हमीपत्राला शेवटची तारीख नाही.

पिंपळगावला एका मेळाव्यात त्यांना वक्त्या म्हणून बोलावलं होतं. प्रश्नांच्या वेळी मागून एक म्हातारे बाबा उठले. "बाई, बंदी झाली तवा तुम्ही तिथंच व्हत्या ना?" मॅडम "हो" म्हणाल्या. "मग?" या पुढच्या प्रश्नाला त्यांनी अधिसूचना, कायदा, खात्यांची रचना असं काही तरी सांगितलं. सभागृह शांतपणे ऐकत होतं, पण त्या शांततेत पटल्याची खूण नव्हती. नवऱ्यानं डिसेंबरात बजावलं होतं ते हेच.

भावाशी बोलणं सुरू झालं आहे. कांद्याचा विषय निघत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हे प्रकरण मी तीन-चार जणांपुढं ठेवलं. एकमत झालं नाही.

एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याचं म्हणणं, चूक डिसेंबरात नाही, मेमध्ये आहे. ऑगस्टमध्ये आलेला सल्ला कितीही शहाणा असो, तो आग लागल्यावर खणलेली विहीर. डाळींचं काम सांभाळून एक पानी कांद्याचं टिपण मेमध्ये गेलं असतं, तर ऑगस्टच्या बैठकीत "आम्ही हे तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं" असं म्हणता आलं असतं. सरकारात असं जुनं टिपण हाच अधिकार, असं ते म्हणाले. मला हे बरंचसं पटतं. पण मेमध्ये त्यांच्यावर काय काय लादलेलं होतं ते बघता, वरिष्ठांनी मागितल्याशिवाय असं टिपण लिहिणं म्हणजे कंत्राटी माणसानं नोकरी पणाला लावणं, हेही विसरू नये.

शेतकरी संघटनेतले परिचित अजून म्हणतात की डिसेंबरात बाहेर पडायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर शरद जोशी आहेत: संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेले, चाकणपासून नाशिकपर्यंत कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेले, आणि पुढं १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांच्या काळात कृषिविषयक सल्लागार समितीचे अध्यक्षही झालेले. पण जोशी आधी रस्त्यावर उभे राहिले, मग सल्लागार झाले. त्यांच्या सल्ल्यामागं माणसं होती. मॅडमच्या मागं एक महाविद्यालय होतं, तेही बिनपगारी रजा मंजूर करून थांबलेलं. त्यांनी राजीनामा दिला असता तर आठवडाभर टाळ्या पडल्या असत्या, अग्रलेख आला असता, आणि बंदी ४ मेलाच उठली असती.

माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. हितसंबंधाची गोष्ट तोंडी सांगून सोडून देणं. पहिल्या आठवड्यात एका ओळीचं पत्र गेलं असतं, तर भावाचा फोन आला त्या दिवशीही त्यांचं मन शांत असतं आणि डिसेंबरात बोलायचं ठरवलं असतं तर बोलताही आलं असतं. नियमांत मागितलेलं नव्हतं हे खरं. मागितलेलं नसताना देण्यानंच त्याला किंमत आली असती.

विद्यार्थ्यांकडून माहिती घेण्यावर मॅडम आणि मी भांडलो. त्या म्हणतात, त्या चार फोनांमुळंच तक्त्यात खरं काही आलं. बरोबर आहे. पण ज्यांना कशासाठी विचारलं ते सांगितलं नाही, त्यांतल्या दोघांच्या स्वतःच्या चाळी होत्या. "मॅडम एकदम चाळींची चौकशी करतायत" एवढ्यावरून एखाद्यानं माल काढला असता, तर भावाला गप्प बसवण्याला काय अर्थ राहिला असता?

संस्थेचा भागही सोडू नये. रजा देताना संस्थेनं परतीची अट घातली, पण परतल्यावर ही दोन वर्षं कशात मोजायची याचा विचार केला नाही. विद्यापीठानंही नाही. सरकारी सेवेतल्या कामाचं काय प्रसिद्ध करता येईल, कधी, हे करारातच ठरवून घेण्याची मागणी प्राध्यापकानं एकट्यानं केली तर ती आगाऊपणा ठरते. संस्थेनं केली तर ती अट ठरते.

त्याच महाविद्यालयातल्या एका तरुण प्राध्यापकाला आता राज्य सरकारच्या एका विभागाकडून बोलावणं आलं आहे, पाणीवापराच्या आर्थिक अभ्यासासाठी. पत्राचा मसुदा मॅडमनीच बघून दिला. त्यात तीन गोष्टी मागितल्या: हितसंबंधाची नोंद रुजू होताना लेखी घ्यावी, गोपनीयतेला पदमुक्तीनंतर दोन वर्षांची मर्यादा असावी, आणि मतभेदाचं टिपण फाइलला जोडण्याची मुभा असावी. पहिली मान्य झाली. दुसरीवर 'प्रचलित धोरणानुसार' असं उत्तर आलं. तिसरीचा उत्तरात उल्लेखच नाही. तो जायचं की नाही ते गणपतीनंतर ठरवणार आहे.